व्ह्यूज जास्त, जाहिराती जास्त, मग पैसे कमी का?

मागच्या आठवड्यात मैत्रिणीचा मेसेज आला. "अगं माझ्या ब्लॉगला तुझ्यापेक्षा जास्त व्ह्यूज आहेत, जाहिरातीही तुझ्यापेक्षा जास्त लावल्यात, तरी पैसे तुझ्या निम्मेसुद्धा येत नाहीत, असं कसं?" ती आठवणी आणि कविता लिहिते, फार सुंदर लिहिते, मी तिची एकही पोस्ट सोडत नाही. मी लिहिते शिवणकामावर, मशीन बिघडलं तर काय बघायचं, कापड कसं बेतायचं वगैरे. तिला उत्तर टाइप करायला बसले आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं इथेच लिहूया, हाच प्रश्न अजून बऱ्याच जणांनी विचारलाय.

माझी सगळ्यात जास्त कमावणारी पोस्ट कुठली सांगू? "मशीनवर दोरा सारखा तुटतो, काय करू". बस. माझ्या आवडीच्या, मन लावून लिहिलेल्या कितीतरी पोस्ट तिच्या जवळपासही नाहीत. कारण त्या पोस्टवर येणारी बाई मशीनवरून उठून आलेली असते, अर्धवट शिवलेलं कापड दाबपट्टीखाली अडकलेलं असतं, आणि तिला आत्ता उत्तर हवं असतं. मी तिथे सांगते की आधी सुई काढून बघा, उलटी बसलीय का, टोक बोथट झालंय का, जाड कापडाला १४ ऐवजी १६ नंबरची लावा, वरचं टेन्शन सैल करा, दोरा जुना होऊन कुजलाय का ते हाताने तोडून बघा. हे वाचून झालं की तिला सुया लागणार, दोरा लागणार, कदाचित तेलाची बाटली लागणार. म्हणजे जो माणूस सुया आणि दोरे विकतो त्याच्यासाठी ही वाचक म्हणजे दुकानाच्या पायरीवर उभं असलेलं गिऱ्हाईक आहे, आणि तिच्यासमोर दिसायला तो चांगले पैसे मोजतो.

आता मैत्रिणीची आजीवरची कविता घ्या. वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात, तो दोन मिनिटं शांत बसतो, त्याला तेव्हा काहीही विकत घ्यायचं नसतं. मग तिथली जागा भरायला नेटवर्क, म्हणजे जाहिरातदार आणि ब्लॉग यांना जोडणारी गूगल ॲडसेन्ससारखी सेवा, त्या वाचकाने आधी कुठे काय बघितलं होतं ते शोधतं आणि कुठली तरी जाहिरात टाकतं, किंवा जे कोणी स्वस्तात घ्यायला तयार असेल त्याला ती जागा देतं. हजार व्ह्यूज तिचे, हजार माझे, भाव मात्र वेगळा. तिच्या लिखाणात काही कमी आहे असा याचा अर्थ अजिबात नाही, हे मी तिला तीनदा लिहिलं.

पान उघडायला जो क्षण लागतो ना, तेवढ्यात मागे चक्क लिलाव होतो. तुमच्या पानावरची ती चौकोनी जागा, हा वाचक, हा विषय, हा देश, हा फोन, बोला किती देता. जो जास्त बोलतो त्याची जाहिरात येते. म्हणून तोच लेख वेगवेगळ्या देशातल्या लोकांनी वाचला तर वेगवेगळे पैसे पडतात, आणि म्हणूनच वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत कमाई चढते, कारण कंपन्या सणासुदीसाठी हात सैल सोडतात, आणि जानेवारी आला की धाडकन उतरते. पहिल्या वर्षी तो जानेवारीचा उतार बघून मी फार घाबरले होते, रात्री बसून सगळ्या सेटिंग्ज बदलून टाकल्या आणि आणखी घोळ केला. तेव्हा जानेवारीत काही बदलू नका, थांबा.

हे सगळं मोजायचं कशात, तर आरपीएममध्ये. दर हजार पेजव्ह्यूमागे किती मिळाले. समजा महिन्यात ८००० व्ह्यूज झाले आणि १२ डॉलर आले, तर १२ भागिले ८००० गुणिले १०००, म्हणजे दीड डॉलर आरपीएम. पण अख्ख्या ब्लॉगचा आकडा काढून काही कळत नाही, पानागणिक काढा. गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे वाचक मोजायचं साधन, जोडलं तर कळतं, नाहीतर पाच-सहा मोठ्या पोस्टसाठी वेगळी ॲड युनिट्स, म्हणजे जाहिरातीच्या वेगळ्या जागा, बनवा आणि प्रत्येकाला पोस्टचं नाव द्या, रिपोर्टमध्ये वेगळी दिसतात. मी हे केलं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझे बहुतेक पैसे चार-पाच पोस्टमधूनच येतात. मग मी त्याच पोस्ट नीट केल्या, फोटो बदलले, बॉबिन केसचा स्क्रू कुठला ते जवळून काढलेल्या फोटोत बाण टाकून दाखवलं. नवीन दहा पोस्ट लिहून जे झालं नसतं ते या दुरुस्तीने झालं.

आता ॲडसेन्सबद्दल, कारण सुरुवात बहुतेक सगळे तिथूनच करतात आणि करावीही. गूगलने हे २००३ मध्ये सुरू केलं. व्ह्यूजची किमान अट नाही, वय १८ पूर्ण हवं, लिखाण स्वतःचं हवं, प्रायव्हसी पॉलिसीचं पान हवं. पैशांचा हिशोब असा की गूगल ॲड्स, म्हणजे जाहिरातदार जिथून जाहिरात देतात ती गूगलची सेवा, तिच्यातून आलेल्या जाहिरातीवर जाहिरातदाराने १०० दिले तर साधारण ६८ तुमच्याकडे येतात. आणि एक गोष्ट जी अजून जुन्या लेखांमध्ये चुकीची फिरतेय, ती म्हणजे "क्लिक झालं तरच पैसे". २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स ब्लॉगवाल्यांना जाहिरात दिसण्याचे, म्हणजे इंप्रेशनचे पैसे देतं. जाहिरातदार त्याच्या बाजूने क्लिकवर मोजत असेल तर मोजू दे, ती आकडेमोड गूगल करतं.

कमाई १० डॉलर झाली की पत्ता खरा आहे ना ते बघायला पोस्टाने पिन, म्हणजे एक आकडा, येतो, तो चार महिन्यांच्या आत ॲडसेन्स खात्यात टाकायचा, नाहीतर जाहिराती दिसायच्या बंद होतात, त्यामुळे पत्ता पहिल्याच दिवशी नीट भरा, घर नंबर, मजला, सगळं. १०० डॉलर झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. त्या पहिल्या १०० पर्यंत पोचायला मला वेळ लागला, पण तो काळ मी वाया गेला असं मानत नाही, त्यात मी सगळ्यात जास्त शिकले.

अजून एक बारीक काम, ॲड्स डॉट टीएक्सटी (ads.txt) नावाची फाइल. २०१७ पासून ही पद्धत आली, आपल्या साइटवरची जागा विकायचा हक्क कोणाकोणाला आहे ते त्या फाइलमध्ये लिहायचं, म्हणजे कोणी तुमच्या साइटचं नाव लावून खोटी जागा विकू शकत नाही. एक ओळ असते, ॲडसेन्स स्वतःच देतं, कॉपी करून टाकायची. आणि युरोपातले वाचक येत असतील तर संमतीचा मेसेज लावावा लागतो, तोही ॲडसेन्समध्येच तयार मिळतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी मला वाटलं दोन जाहिरातींत एवढे मिळतात तर सहांत तिप्पट मिळतील. ऑटो ॲड्स चालू केल्या, म्हणजे जाहिराती कुठे लावायच्या ते गूगलच ठरवतं, आणि किती जाहिराती हव्यात त्याचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला. एका महिन्याने एका वाचक ताईंची कमेंट आली, "ताई, तुमचं बघून सुई बदलत होते, एका हातात स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्या हाताने फोन वर सरकवत होते, तेवढ्यात पान खाली उडी मारून गेलं आणि माझं बोट जाहिरातीवर पडलं, कुठलं तरी ॲप डाउनलोड व्हायला लागलं, परत आले तर मी कुठे वाचत होते तेच सापडेना." वाचून मला इतकं वाईट वाटलं. मी घरातला जुना फोन काढला, जो स्लो चालतो, आणि त्यावर माझी स्वतःची पोस्ट उघडली. वर जाहिरात. मग शीर्षक. मग दोन ओळी, मग जाहिरात. खाली चिकटलेली एक पट्टी. आणि मी वाचायला सुरुवात केली की मधली जाहिरात उशिरा लोड होऊन अख्खा मजकूर खाली ढकलत होती. सुई कशी बसवायची ते सांगणारा फोटो तिसऱ्या स्क्रीनवर गेला होता. ज्या एका फोटोसाठी ती बाई आली होती तोच.

त्याच रात्री ऑटो ॲड्स बंद केल्या आणि हाताने तीन जागा ठरवल्या. एक पहिल्या दोन-तीन परिच्छेदांनंतर, एक मधे जिथे एक पायरी पूर्ण होते तिथे, एक शेवटी. मशीनचे फोटो आणि त्यांच्या सूचना यांच्या मधे काही नाही. आणि उडी मारण्यावर उपाय अगदी सोपा आहे, जाहिरातीच्या डब्याला आधीच उंची देऊन ठेवायची, ३०० बाय २५० ची जाहिरात असेल तर तो डबा किमान २५० पिक्सेल उंच ठेवा, मग जाहिरात उशिरा आली तरी मजकूर हलत नाही. या हलण्याला सीएलएस म्हणतात, गूगलच्या हिशोबात तो आकडा ०.१ च्या आत असला तर चांगला. त्या महिन्यात कमाई खाली आली, खोटं कशाला बोलू. पण दोन-तीन महिन्यांत लोक पानावर जास्त वेळ थांबायला लागले, परत यायला लागले, आणि आकडा होता तिथे आला, मग वर गेला.

वर जाण्याचं कारण मला नंतर समजलं. जाहिरात "दिसली" असं केव्हा धरतात याचा नियम आहे, तिचा निम्मा भाग किमान १ सेकंद स्क्रीनवर असायला हवा, व्हिडिओ असेल तर २ सेकंद. याला व्ह्यूएबिलिटी म्हणतात. ज्या जागांवर जाहिराती खरंच दिसतात त्यांच्यावर जाहिरातदार जास्त बोली लावतात. पानाच्या तळाशी सहा जाहिराती कोंबल्या आणि तिथपर्यंत कोणी पोचतच नाही, तर त्या जागांचा भाव पडलेला राहतो. तीनच लावा पण वाचक खरंच थांबतो तिथे लावा. माझ्याकडे तो वाचक "आता मशीन थोडं चालवून बघा" या वाक्यानंतर थांबतो, कारण तो खरंच मशीन चालवून बघत असतो! फोन शेजारी ठेवलेला, स्क्रीनवर जाहिरात. मी वाचकाला काही अडवत नाही, त्याचं काम तिथे झालेलं असतं.

बाकी डोकं फिरवणाऱ्या जाहिरातींवर आता ब्राउझरच लक्ष ठेवतात. पॉपअप, आपोआप आवाजासकट सुरू होणारे व्हिडिओ, मोबाइलवर पानाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त जागा खाणाऱ्या जाहिराती, असलं काही साइटवर सतत सापडलं तर क्रोम त्या साइटच्या सगळ्याच जाहिराती बंद करू शकतं, २०१९ च्या जुलैपासून हे जगभर लागू आहे. आणि कुठल्या प्रकारच्या जाहिराती नकोत तेही ठरवता येतं. ॲडसेन्सच्या ब्लॉकिंग कंट्रोल्समध्ये जाऊन "झटपट श्रीमंत व्हा" आणि वजन घटवायच्या जाहिराती मी पहिल्याच दिवशी बंद केल्या. माझ्या पानाशेजारी काय उभं आहे याची जबाबदारी माझीच आहे असं मला मनापासून वाटतं, वाचक माझ्या भरवशावर आलेला असतो.

स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका हे सगळे सांगतात, मी त्यात एवढंच घालीन की घरच्यांना आणि मित्रांनाही आधीच सांगून ठेवा. माझ्या एका जवळच्या माणसाने मला मदत म्हणून रोज ऑफिसमधून बसून माझ्या जाहिराती क्लिक केल्या, आठवडाभर, प्रेमाने. मला रिपोर्टमध्ये अचानक उडी दिसली, मी खूश झाले, आणि महिनाअखेरीला ते सगळे पैसे "इनव्हॅलिड ट्रॅफिक", म्हणजे खरे न धरलेले क्लिक, म्हणून कापले गेले. खातं वाचलं हे नशीब. असं परत परत झालं तर खातं कायमचं जातं, आणि "जाहिरातींवर क्लिक करून मला सपोर्ट करा" असं पोस्टखाली लिहिणं तर सरळ नियमाबाहेर आहे, ते कुठे लिहिलं असेल तर आज काढा.

आता ॲडसेन्सच्या पलीकडे. व्ह्यूज बरेच वाढले की मीडियावाइन, रॅप्टिव्ह अशा कंपन्या तुमची सगळी जाहिरातजागा सांभाळायला घेतात, त्यांच्या स्वतःच्या अटी असतात, भाव बहुतेक वेळा ॲडसेन्सपेक्षा बरा मिळतो. त्यांच्याकडे जाताना करार किती महिन्यांचा आणि सोडायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं हे वाचून घ्या. यावर मी जास्त बोलत नाही कारण सुरुवातीच्या ब्लॉगला तो टप्पा लांब असतो.

अफिलिएट मात्र पहिल्या दिवसापासून जमतं, माझ्यासारख्या विषयाला तर फारच. आपण लिंक द्यायची, कोणी त्यातून घेतलं तर कमिशन मिळतं. ॲमेझॉनने हे १९९६ मध्येच सुरू केलं होतं. त्यांच्या लिंकवरून गेलेल्या माणसाने २४ तासांत खरेदी केली तर ती तुमच्या नावावर धरली जाते, आणि नवीन खात्याला १८० दिवसांत तीन विक्री व्हाव्या लागतात नाहीतर खातं बंद होतं, म्हणून लिंक देणारी पोस्ट तयार नसताना घाईने खातं उघडू नका. माझा नियम एकच, जी वस्तू माझ्या मशीनच्या खणात नाही तिची लिंक द्यायची नाही. एकदा जास्त कमिशन होतं म्हणून न वापरलेल्या कात्रीची लिंक दिली, एका वाचकाने घेतली आणि लिहिलं की दोन आठवड्यांत धार गेली. ते कमिशन मला अजून टोचतं. आणि लिंक अफिलिएट आहे हे पोस्टच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहायचं, तळाला बारीक अक्षरात नाही.

पैसे घेऊन पोस्ट लिहायच्या ऑफरही येतात, थोडं नाव झालं की मेल सुरू होतात. त्यातले बरेच म्हणतात, आमचा तयार लेख टाका, त्यात आमच्या दोन लिंक असतील, आणि "प्रायोजित" असं कुठे लिहू नका. ते शेवटचं वाक्य आलं की मेल डिलीट करा. पैसे घेतलेली लिंक असेल तर तिच्या कोडमध्ये rel="sponsored" अशी खूण लावायची असते, म्हणजे ही लिंक पैशांची आहे हे गूगलला कळतं, २०१९ पासून गूगलने ती दिलीय, आधीची "nofollow" ही खूणही चालते, आणि ती न लावता लिंका विकल्या तर सर्चमधून तुमचं पान खाली जाऊ शकतं. एवढ्या मेहनतीने दोरा तुटण्याची पोस्ट वर आलीय, ती एका लिंकसाठी घालवायची का?

आणि आता जे मला मैत्रिणीला सांगायचं होतं. तिच्यासाठी नेटवर्क हा मुख्य रस्ता नाहीच. तिच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, तिचे वाचक सर्चमधून येऊन जात नाहीत, ते दर रविवारी तिची पोस्ट यायची वाट बघतात, नावानिशी कमेंट करतात, जुन्या ओळी तिलाच ऐकवतात. अशा जागेला थेट जाहिरात शोभते. पुस्तकं विकणारं कोणी, लिखाणाची कार्यशाळा घेणारं कोणी, वह्या-पेन बनवणारं कोणी, त्यांना महिन्याला एक ठरलेली रक्कम घेऊन एकच जागा द्यायची. मधे कोणी नाही, लिलाव नाही, जानेवारीचा उतार नाही.

यासाठी एक पानाचा कागद लागतो. ब्लॉग कशाबद्दल आहे, महिन्याला किती वाचक येतात, त्यातले परत येणारे किती, ईमेलवर किती जण आहेत, सगळ्यात जास्त वाचलेल्या पाच पोस्ट, आणि जागा कुठे, किती बाय किती. खरे आकडे, ॲनालिटिक्सचा स्क्रीनशॉट सकट. भाव व्ह्यूजवर नाही तर महिन्यावर लावा. पैसे आधी घ्या, तारखा मेलमध्ये लिहून घ्या, जाहिरातीवर "जाहिरात" असा शब्द लिहा, आणि महिना संपला की किती जणांनी बघितलं, किती जणांनी लिंक उघडली ते न विचारता पाठवा, आकडा छोटा असला तरी. माझे पहिले थेट जाहिरातदार या शेवटच्या मेलमुळे दुसऱ्या महिन्यालाही टिकून राहिले, त्यांनीच तसं सांगितलं.

हे सगळं तिला फोनवर सांगितलं, कारण टाइप करून हात दुखले. काल रात्री तिने तो कागद बनवून पाठवला. सगळं छान भरलंय, परत येणाऱ्या वाचकांचा आकडा बघून तर मी चाट पडले, माझ्या कितीतरी पट. फक्त भावाची जागा कोरी सोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "हे तू सांग, मला मागायला कसंतरी होतं." मी तिच्या मनात असेल त्याच्या दुप्पट आकडा लिहिला, आणि तिच्या पानावरच्या सहापैकी पाच जाहिराती आधी काढायला सांगितल्या. आज सकाळी बघितलं तर आजीची कविता सलग दिसतेय, मधे काही नाही. पहिला मेल ती सोमवारी पाठवणार आहे.